तारेखालचे झाड

दवाखान्याच्या रांगेत माझ्या मागे दोघे भाऊ उभे होते. थोरला पालिकेच्या उद्यान विभागात माळी, धाकटा पालिकेच्याच विद्युत विभागात लाइनमन, एवढे त्यांच्या बोलण्यावरून कळले.

"दादा, शाळेसमोरचं झाड तारेला टेकलंय. उद्या छाटायचा हुकूम आलाय."

"त्या रस्त्यावर माझं ते एकच जगलंय रे. बाकीची तू खाल्लीस."

"मी खाल्ली? तारेखाली लावायला कुणी सांगितलं होतं?"

"खड्डे खणून तयार होते. हरित शहराच्या नकाशात तो रस्ता हिरवा रंगवलाय. तारा त्यात नाहीतच."

"आमच्या नकाशात झाडं नाहीत."

"पोरं त्याच्याच सावलीत बसची वाट बघतात."

"वहिनीही तेच म्हणाली. मी उद्या रजा टाकतो, मग तर झालं?"

"मग कोण येईल?"

"कंत्राटदाराची माणसं."

"ती कुठली फांद्या बघत बसतात! करवत थेट बुंध्याला लावतात."

"हो, ते आहेच."

रांग थोडी पुढे सरकली.

"रजा टाकू नकोस. तूच ये."

"शेंडा उडवला की झाडाचं झुडूप होतं, असं तूच सांगतोस ना दादा?"

"होऊ दे. अर्धी का होईना, सावली राहील."