आईचं ‘समजलं’

सोमवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं, म्हणून त्या दिवशी मी नुसती ऐकत बसले होते. पांढुर्ण्याला कानाच्या दवाखान्यात आमच्या यांना तपासायला आत नेलं होतं. समोरच्या बाकावर रामाकोना गावचं एक जोडपं बसलेलं. बाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचे यजमान मोठ्यानं बोलत होते.

“सुजाताले सांगू नोका जी, मले ऐकू येत नाही म्हणून.”

“वा! पोरगी व्हिएतनामात इंग्रजीच्या मास्तरायच्या संघटनेची संपर्क अधिकारी, अन् माय घरचीच बातमी लपवून राहिली!”

“हसू नोका. संघटनेचं दर महिन्याचं पत्र ती आधी मले फोनवर आपल्या बोलीत सांगते. मले समजलं, तरच सगळ्या मास्तरायले धाडते. माय बहिरी झाली हे कळल्यावर मले कायले फोन करन?”

“मग तू ऐकू न येता काय करते?”

“तिचं बोलणं थांबलं, का ‘समजलं’ म्हणून देतो. तीन महिने झाले.”

“चार.”

“तुम्हाले कोणं सांगतलं?”

“सुजातानंच. पहिले तू धा वेळा टोकत होती, आता एकदाबी टोकत नाही, तवाच ओळखलं तिनं. आता पत्र आधी मले ऐकवते. चुका मी काढतो.”

“मंग मले कायले फोन करते?”

“म्याबी हेच विचारलं. म्हणे, आईनं ‘समजलं’ म्हटल्याबिगर पाठवाले मन होत नाही, बाबा.”

“परत सांगा.”

“ऐकू नाही आलं?”

“आलं. तरी परत सांगा.”