वाडीला निरोप

बाळाजी : शाल मी घालायची? त्या माणसाच्या खांद्यावर? विलासराव, अख्ख्या बहरीनमध्ये तुम्हाला दुसरा कोण गावला नाय?

विलास : अहो, आधी बसा तरी. बायको बाहेर गेलीये, पण चहा मला बरा जमतो.

बाळाजी : चहा नको. माझ्या भावाच्या, विनीतच्या व्हिसाचं काम हाय म्हणालात, म्हणून ड्युटी संपल्या संपल्या मुहर्रकवरनं सरळ माहूजला आलो. आणि बघतो तर टेबलावर शाल नि नारळ!

विलास : विनीतचंच काम आहे, तेच सांगतोय. शुक्रवारी रणपिसेसाहेब येतायत. तुमच्या जिल्ह्याचे एसपी होते, आता रिटायर होऊन तुमच्याच भागातून खासदारकीला उभे आहेत. आपलं मराठी मंडळ त्यांचा सत्कार करतंय. तुम्ही तिकडचे, तेव्हा शाल तुमच्या हातून गेली तर शोभेल.

बाळाजी : आणि इथं राजकीय सभा चालते होय? कळलं कुणाला तर मंडळ खलास.

विलास : सभा कुठे? कौटुंबिक स्नेहमेळावा. हॉलवाल्या फारुखला तसंच सांगितलंय. मुलांची चित्रकला स्पर्धा, जेवण, आणि मध्ये पाच मिनिटं सत्कार.

बाळाजी : वा रे वा! आमच्या आया-बहिणी रस्त्यावर बसल्या तर तो बेकायदा जमाव, आणि ह्याच्यासाठी हॉल भरला की स्नेहमेळावा!

विलास : जुनं कशाला उकरून काढताय? पोलीस खात्यात वरून ऑर्डर येते, माणूस काय करणार?

बाळाजी : ऑर्डर कसली? खाडीवर कंपनी नको म्हणून बायका बसलेल्या. बायकांना हात लावला तर पेपरात येईल, म्हणून ह्या शहाण्यानं संध्याकाळी मैदानातनं पोरं उचलली. अंडरआर्मची मॅच चाललेली, विलासराव! विनीतला स्टंपांच्या मागनं उचलला. आमच्या वाडीची सगळी टीम गाडीत घातली. दंगल, दगडफेक, सरकारी कामात अडथळा. अरे, दगड कोणी बघितला? रबरी बॉल होता तो!

विलास : कोर्टात सुटतील हो. अशा केसेस टिकत नाहीत.

बाळाजी : टिकायला कशाला पायजे? नुसती पडून राहिली तरी पुरे. केस हाय तोवर पोलीस क्लिअरन्स नाय, आणि क्लिअरन्स नाय तर व्हिसा नाय. दोन नोकऱ्या लावल्या मी त्याला इथं, दोन्ही गेल्या. आमच्याकडं गल्फला न गेलेल्या पोराला मुलगी कोण देत नाय. लोकांच्या होड्या ओढतो तो. एसीचा डिप्लोमा केलेला पोरगा!

विलास : म्हणून तर म्हणतो, जरा शांतपणे ऐका. साहेबांनी मला शब्द दिलाय. निवडणूक झाली की विनीतचं नाव केसमधून निघेल, वरपर्यंत बोलणं झालंय. तो तुमचा वर्कशॉपवाला बासित विनीतसाठी जागा धरून बसलाय ना? जाऊ द्यायची का तीही?

बाळाजी : बदल्यात काय पायजे त्याला? शाल?

विलास : शाल, एक फोटो, आणि वाडीला निरोप.

बाळाजी : कसला निरोप?

विलास : तुम्ही शिमग्याला पाठवता ना, तसा व्हॉइस मेसेज. देवळात स्पीकरवर लावतात, सगळी वाडी ऐकते, आणि बाळाजी म्हणतो तसं करू म्हणते. कौतुकानं सांगितलं होतंत तुम्ही. दोन वाक्यं बोलायची, रणपिसेसाहेब आपलेच आहेत, त्यांच्या मागे उभे राहा. झालं.

बाळाजी : म्हणजे मी हौसेनं सांगितलेलं तुम्ही त्याच्या कानावर घातलंत?

विलास : ओघात निघालं हो.

बाळाजी : ओघात! अहो, त्या देवळात कोण मेलं, कोणाचं लग्न ठरलं, पालखीला कोण येणार, ते मी सांगतो. माझा बापूस मुंबईतनं पत्र पाठवायचा, ते पण तिथंच वाचायचे. आजपर्यंत आमच्या घरातनं खोटा शब्द नाय गेला तिथं. आणि तुम्ही सांगता, आपल्या पोरांना तुडवणारा आपलाच म्हणून सांग? लाज नाय वाटत त्याला? आणि तुम्हाला?

विलास : तोंड सांभाळून बोला, बाळाजी. यात माझा काय फायदा आहे?

बाळाजी : खासदाराच्या शेजारी उभं राहून फोटो.

विलास : बरं, तसं समजा. फोटोची हौस आहे मला. पण तेवढ्यासाठी मी त्यांच्यामागे लागून तुमच्या भावाचा विषय काढला नसता. तुमच्या रागानं त्याची केस सुटणार आहे का? निर्णय त्याचा आहे. त्याला विचारलंत?

बाळाजी : विचारायचं काय त्यात? तो थुंकेल असल्या शब्दावर.

विलास : मग लावा फोन. थुंकू दे.

(बाळाजी फोन लावून स्पीकरवर टाकतो.)

विनीत : बोल दादा. लवकर सुटलास आज?

बाळाजी : विन्या, तो रणपिसे इथं येतोय. मंडळवाले सांगतायत मी त्याला शाल घालायची नि वाडीला निरोप पाठवायचा, मग तुझी केस काढतो म्हणे. मी सरळ नाय म्हटलं.

विनीत : नाय कशाला म्हटलंस?

बाळाजी : काय?

विनीत : त्याची माणसं इथं पण येऊन गेली. आयेशी बोलली, माझ्याशी बोलली. मला माहीत हाय सगळं.

बाळाजी : आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस?

विनीत : तू ओरडला असतास.

बाळाजी : ओरडणारच! लॉकअपमध्ये पाठ फोडली तुमची, आणि त्याच माणसाला...

विनीत : पाठ माझी फुटली दादा, तुझी नाय. राग मला पण येतो. पण तू रागावतोस आणि ड्युटीवर जातोस. मी रागावून कुठं जाऊ? सकाळी उठून जेटीवर जातो, कोणाच्या होडीत जागा हाय का बघतो. गावातली लोकं विचारायची पण बंद झाली आता, कधी जाणार म्हणून.

विलास : हेच सांगतोय मी मघापासून.

बाळाजी : तुम्ही गप्प बसा हो जरा!

विनीत : कोण हाय तिथं?

विलास : मी विलास, इथल्या मंडळाचा सेक्रेटरी. विनीत, तुम्ही समजूतदार आहात, बरं वाटलं. काही काळजी करू नका, तुमचं नाव नक्की निघतंय.

विनीत : माझं म्हणजे सगळ्यांचं ना?

विलास : नाही, फक्त तुमचं. सगळ्यांचं काढलं तर पेपरवाले मागे लागतील. एकाचं गुपचूप होऊन जातं.

विनीत : त्याची माणसं तर बोलली केस मागे घेणार.

विलास : ते मोघम बोलले असतील. मला साहेबांनी स्वतः सांगितलंय. बाळाजींचा भाऊ म्हणून तुमच्यापुरतं.

बाळाजी : ऐकलंस? हा तुझा केस काढणारा!

विनीत : दादा, मी पोरांना सांगून बसलोय.

बाळाजी : काय सांगितलंस?

विनीत : सुटलो म्हणून. काल मैदानात. नाचली रे ती. गंप्या तर लगेच बाजारात गेला, पासपोर्टचे फोटो काढून आला.

बाळाजी : विन्या... हाय ना लाईनवर?

विनीत : हाय.

बाळाजी : हे बघ, मी बोललो ते सोड. जीव तुझा जळतोय, माझा नाय. तू सांग शाल घाल, मी घालतो. निरोप पण देतो. आयेशप्पथ, परत तोंडातनं शब्द काढणार नाय.

विनीत : आणि देवळात पुढं कोण बसणार तो ऐकायला? गंप्या नि हीच पोरं ना?

बाळाजी : ते मी बघतो.

विनीत : तू काय बघणार? तू तिकडं. आणि मग मी पण तिकडं. नको देऊस निरोप.

विलास : विनीत, भावनेच्या भरात बोलू नका. तुम्ही अडकून राहिलात म्हणून ती मुलं सुटणार आहेत का?

विनीत : नाय सुटणार. माहीत हाय मला.

विलास : बासित पुढच्या महिन्यात दुसरा माणूस घेईल.

विनीत : घेऊ दे.

बाळाजी : विन्या, घाई करू नकोस. जेवून घे, आयेशी बोल. मी रात्री परत फोन करतो.

विनीत : नको दादा. आता नाय म्हटलंय ना मी, तेवढ्यावर ठेव. परत विचारलंस तर मला जमेलच असं नाय.