हॉलीच्या मोराची मान

(इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं खेडं, ऑगस्ट महिना. अंगणात हॉलीचं काटेरी झुडूप छाटून घडवलेला मोर. खिडकीशी खुर्चीत एमॉस. लकव्यानं अंग गेलंय, वाचाही गेलीय. मोरापाशी त्याची बायको डॉर्कस आणि शेजारचा ईनॉक.)

डॉर्कस : शेपटीला हात लावू नका, भाऊजी. शेपटी राहू दे तशीच.

ईनॉक : अहो वहिनी, शेपटीच तर सुटलीय. एमॉस पडल्यापासून कात्री कुठे लागलीय हिला? शनिवारी बागा बघायला परीक्षक यायचेत. तासाभरात नीटनेटकी करून देतो.

डॉर्कस : नीट करायला नाही बोलावलं तुम्हाला. मान उडवायची आहे.

ईनॉक : कुणाची?

डॉर्कस : मोराची. यांची उडवायची असती तर तुम्हाला कशाला तसदी दिली असती?

ईनॉक : हळू बोला. खिडकी उघडी आहे, त्याला ऐकू जातंय.

डॉर्कस : मीच उघडलीय. सकाळी यांची दाढी केली, धुतलेला सदरा घातला, खुर्ची ढकलत खिडकीशी आणली. पडदासुद्धा काढून धुवायला टाकला.

ईनॉक : ही मान वळवायला त्याचं अर्धं आयुष्य गेलंय, वहिनी. गोगलगाय परवडली, इतकं सावकाश वाढतं हे झाड. मीही तेवढीच वर्षं खपतोय, पण माझा मोर अजून कोंबडीच दिसतो. दर रविवारी चर्चमधून येताना फाटकाशी उभा राहतो मी. नुसता बघत.

डॉर्कस : माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सांगितलं. नाहीतर गवत कापणारा येतोच की.

ईनॉक : मला नाही जमायचं. आणि हॉली तोडणं अपशकुनी.

डॉर्कस : मुळासकट तोडणं अपशकुनी. फांद्या तर नाताळात सजावटीला अख्खं गाव तोडतं. तुम्ही नाही म्हणालात तर सोमवारी लाकूडतोड्या येणार आहे. तो परगावचा आहे, त्याला शकुनाचं सोयरसुतक नाही. बुंध्यातूनच काढील. बघा, धड वाचवायचं तर तुमच्या हातात आहे.

ईनॉक : असं काय हो वाकडं केलं त्यानं तुमचं? दारू नाही, बाहेरख्याली नाही. गाव देवमाणूस म्हणतं त्याला.

डॉर्कस : गावाचं काय जातंय म्हणायला! या मोराची चोच तारेनं बांधली तो दिवस आठवतो?

ईनॉक : नाही बुवा.

डॉर्कस : आई शेवटच्या घटका मोजत होती, तसा माहेरून निरोप आला होता. यांनी फांदी माझ्या हातात दिली. म्हणाले, तार बसेपर्यंत सोडू नकोस, चोच वाकडी होईल. मी म्हटलं, बस चुकेल. तर म्हणे, बस उद्याही येते. तेवढ्यात तुमची दुधाची गाडी आली.

ईनॉक : हं.

डॉर्कस : आठवलं ना? मी हाक मारली, भाऊजी, बसथांब्यापर्यंत सोडा. तुम्ही यांच्याकडे बघितलंत. हे म्हणाले, तिला इथं काम आहे. तुम्ही घोड्याला चुचकारलंत आणि गेलात.

ईनॉक : नवराबायकोच्या मधे कोण पडणार, वहिनी?

डॉर्कस : बरोबर आहे. मग आजही पडू नका. मी पोचले तेव्हा शवपेटीला खिळे ठोकून झाले होते. आईचं तोंड बघायला मिळालं नाही मला. घ्या करवत.

ईनॉक : त्याची खुर्ची तरी फिरवा.

डॉर्कस : मग त्यांना काय दिसणार?

ईनॉक : बाई, तुम्ही फार क्रूर आहात.

डॉर्कस : असेन. शिडी धरते मी, चढा.

ईनॉक : एका दमात मान कापतो. होऊन जाऊ दे.

डॉर्कस : एका दमात नको. आधी तुरा, मग चोच, मग मान. सावकाश करा, घाई कसली आहे?

ईनॉक : गेला तुरा.

डॉर्कस : आता चोच. थोडं बाजूला व्हा, खिडकी झाकली जातेय तुमच्या पाठीनं.

ईनॉक : ही घ्या चोच. तार अजून आतच आहे, लाकडानं गिळलीय.

डॉर्कस : असू दे. मान.

ईनॉक : झालं. पडली. आतून किती पांढरं असतं हे लाकूड.

डॉर्कस : उतरा सांभाळून. शनिवारी तुमची कोंबडी पहिली येईल बघा.

ईनॉक : नको मला तो पहिला नंबर. वहिनी, त्याच्या डोळ्यातून पाणी येतंय हो.

डॉर्कस : तो डोळा गळतोच, असं डॉक्टर म्हणतात. मीच पुसत असते.

ईनॉक : निदान त्याला विचारायचं तरी होतं.

डॉर्कस : विचारलं की. न विचारता कशी करीन? एकदा डोळा मिटला की हो, दोनदा मिटला की नाही. सकाळी दाढी करताना विचारलं, कपडे घालताना विचारलं, तुम्ही फाटक उघडलंत तेव्हाही विचारलं.

ईनॉक : मग काय म्हणाला?

डॉर्कस : नाही म्हणाले. दर वेळेस नाहीच.

ईनॉक : आणि तरीही तुम्ही...

डॉर्कस : त्या दिवशी मला तर वाचा होती, भाऊजी. मी तोंडानं सांगत होते.