काठीचा वाटा

(साकोलीकडचं एकोडी गाव, १९७८चा उन्हाळा. ओसरीत घरच्या सामानाचे ढीग. म्हातारी चंद्रभागाबाई ढिगांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली आहे; पुढ्यात पाण्याचा गुंड, म्हणजे घागर. थोरला मुलगा सेवकराम गुडघ्यांना मिठी मारून गप्प; धाकटा तुलाराम ढिगांजवळ, पंच मारोतराव कागद घेऊन.)

तुलाराम : मांगं पाहू नको, माय. तळ्याच्या मासोळीचे वाटे करतो तसंच हाय हे. मी ढिगावर हात ठेवीन, तू नाव घेजो. ज्याचं नाव, त्याचा ढीग.

चंद्रभागाबाई : मासोळीच्या वाट्यात कोनी माय नाई ठेवत, बापू.

तुलाराम : तुले कोठी ठेवलं? तुझी काठी ठेवली. काठी ज्याच्या वाट्याले, तू त्याच्याकडं. दुसऱ्याले रेडिओ. ज्याची त्याची किस्मत. का हो मारोतराव, तुम्ही पंच आहा, बोला.

मारोतराव : किस्मत म्हणजे नशीब नव्हे, तुलाराम. भंडाऱ्याच्या कचेरीत तीस वर्षं फारसी दस्त वाचले मी. अरबीत किस्मत म्हणजे वाटणी. फारसीत हिस्सा. पुढं तिचं नशीब झालं. तुर्कांकडे तर मुलीला स्थळ आलं तरी किस्मत आली म्हणतात.

चंद्रभागाबाई : मले नाई येत आता स्थळ, मारोतभाऊ.

मारोतराव : मुद्दा असा वहिनी, की वाटणी म्हटली की वाटणारा पाहिजे.

तुलाराम : मी वाटले ना ढीग! माय, थो पान्याचा गुंड सरकव, अडचन होते.

चंद्रभागाबाई : राहू दे माझ्यापुढं. घशाले कोरड पडते.

तुलाराम : बरं. हा वाटा कोनाचा?

चंद्रभागाबाई : सेवकरामचा.

तुलाराम : नांगर आन् मोहफुलाच्या टोपल्या. मारोतराव, दादाले विचारा, कबूल हाय का? होळीपासून थो माझ्याशी बोलत नाई.

मारोतराव : सेवकराम, कबूल?

चंद्रभागाबाई : हाव म्हंते थो.

मारोतराव : वहिनी, त्यानं तोंडच उघडलं नाही. नुसती मान हलवली.

चंद्रभागाबाई : हाव ना, थेच सांगून राहिली.

तुलाराम : तुले मान कशी दिसली वं?

चंद्रभागाबाई : पोटचं पोर हाय. मले त्याच्या मानेचा आवाज येते.

मारोतराव : हे मात्र कोणत्याच दस्तात वाचलं नाही.

तुलाराम : चला, आता रेडिओ आन् काठी, दोनच ढीग राहिले. हा वाटा...

चंद्रभागाबाई : थांब. पहिले काठी होती तथी ठेव.

तुलाराम : कोनती काठी?

चंद्रभागाबाई : तुवा पायानं ढकलली थे. आन् सेवक, तू बी. पहिले तुवा तिले याच्याकडं सरकवली, मंग यानं तुझ्याकडं, मंग पुन्हा तुवा. थकली असन बिचारी.

मारोतराव : अरे, हा गुंड! आरसाच की! सगळी ओसरी दिसते यात, मीसुद्धा दिसतो!

चंद्रभागाबाई : भंडाऱ्याचं पितळ हाय. सकाळीच चिंच लावून घासला.

तुलाराम : बेइमानी हाय हे! मारोतराव, वाटे मोडा, पुन्हा करू!

मारोतराव : बेइमानी कसली? वाटणारी पाहत होती, एवढंच.

तुलाराम : माय, तसं नव्हतं माझ्या मनात. दादाचं घर पक्कं हाय, तुले बरं पडलं असतं म्हून...

चंद्रभागाबाई : काठीवर हात ठेव.

तुलाराम : माय...

चंद्रभागाबाई : ठेव. आन् विचार.

तुलाराम : हा... हा वाटा कोनाचा?

चंद्रभागाबाई : चंद्रभागेचा.

मारोतराव : लिहितो, वहिनी.

तुलाराम : मंग तू राहशीन कोठी?

चंद्रभागाबाई : परसातल्या खोलीत. मी, काठी आन् हा गुंड. रेडिओ तुम्ही दोघं मिळून ऐका, बोलाची गरज नाई पडत.

तुलाराम : वळ ना माय इकडं. एकडाव पाह्य तरी आमच्याकडं.

चंद्रभागाबाई : पाहूनच राहिली. सेवक, डोये पूस, बापू. दिसून राहिलं मले.