हलका गठ्ठा

अमृतलाल : बद्रीनाथ, हे छापलेल्या कागदांचे दोन गठ्ठे हातात घेऊन बघ. माझ्या भाच्यानं, बजरंगलालनं लिहिलेला प्रोग्राम हा. चांगला भारी लागतो. तुझा हलका. मधला माल कुठं गेला?

बद्रीनाथ : शेठ, बियाण्याच्या पोत्यासारखा प्रोग्राम तोलत न्हाईत.

अमृतलाल : ते मला शिकवू नको. बजरंग म्हणतो, तू कापसाच्या बियाण्याची तपासणीच उडवून राह्यला. नापास लॉट पास व्हावा म्हणून. खरं निघालं तर काम सोडून आजच गावाकडची, हसनाबादची गाडी धरायची.

बद्रीनाथ : तपासणी होती तिथंच हाये. एकच वाक्य जागोजागी लिव्हलं होतं, तेवढं काढलं. आपल्या प्रोग्राममधी 'बियाणं' हा बाप. कापूस, मका त्याची लेकरं. बापाकडचा चाचणीचा कप्पा लेकरांना आयता भेटतो. पण त्याच्यावर नुसतं 'चाचणी' लिव्हलंय. म्हणून कापसाचं काम आलं की दरवेळी कंप्युटरला सांगायचं, ही कापसाची चाचणी समज.

अमृतलाल : आणि आता सांगायचं नाही?

बद्रीनाथ : एकदाच सांगायचं, कापसाच्या घरात. कापसाची बाकीची कामं तिथूनच घेतात.

अमृतलाल : म्हणजे सगळा माल एकाच दरवाज्यातून. आणि दरवाज्यावर तू.

बद्रीनाथ : तिथं खोटं सांगितलं तर पहिल्याच लॉटला उघडं पडंल. बजरंगशेठच्या जुन्यात मात्र एका कोपऱ्यात, नापास कापसाच्या कामात, 'ही मक्याची चाचणी समज' असं लिव्हून ठेवलंय. कापसाचा नापास लॉट आला की तिथं प्रोग्राम बंद पडतो.

अमृतलाल : आजपर्यंत तर पडला नाही.

बद्रीनाथ : तो प्रोग्राम बी यंदाचाच. यंदा कापसाचा नापास लॉट आलाच कुठं अजून?

अमृतलाल : टाक मंग. दोन्हीत टाक, माझ्यासमोर.

(बद्रीनाथ नापास लॉटचे आकडे दोन्हीकडे भरतो. नव्या प्रोग्राममध्ये 'नापास' उमटतं. जुना मध्येच बंद पडतो.)

अमृतलाल : जुन्यात तूच काही करून ठेवलं नाही ना?

बद्रीनाथ : बजरंगशेठच्याच सीडीवरून लावला. सीडी तुमच्या कपाटात होती.

अमृतलाल : हूं. उद्या परत बघू. लॉट मी आणीन.

बद्रीनाथ : रोज आणा. पण वाईट वाटलं शेठ. माझं काम तुम्ही हातावर तोललं, नापास लॉट टाकून बघितलं. बजरंगशेठच्या कामात कधी टाकून बघितला होता का?

अमृतलाल : घरचा माणूस हाये तो. त्याला काय तपासायचं?