लाइन जिवंत आहे का

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. सोबत त्यांची मुलगी होती.

“बाबा, मी राजीनामा दिलाय.”

“का गं? चांगलं चाललं होतं की.”

“कम्प्युटरच्या अगदी आतल्या थरात, कर्नेलमध्ये, मी एक सोय लिहीत होते. कुठल्या सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, कोण कोणाशी जोडलंय, जोडणी चालू आहे की अडकलीय, एवढंच ती दाखवते. बिघाड शोधायला.”

“म्हणजे आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं तपासणीचं टेबल.”

“तेच. साहेब म्हणाले, आत काय बोलणं चाललंय तेही दिसू दे. गुपचूप.”

“आणि तू नाही म्हणालीस.”

“तीनदा. मग त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं.”

“आम्हालाही सांगून ठेवलेलं. लाइन जिवंत आहे का बघायचं आणि लगेच हेडफोन काढायचा.”

“तुम्ही कधीच ऐकलं नाहीत?”

“एकदा ऐकलं. तुझी आई घरून तिच्या आईशी बोलत होती.”

“काय म्हणाली?”

“सगळं छान चाललंय म्हणाली. रडत होती.”

“मग तुम्ही विचारलंत तिला?”

“कसं विचारणार? मला कसं कळलं, तेही सांगावं लागलं असतं. त्या टेबलावरून बदली मागून घेतली.”

“आईला अजून माहीत नाही?”

“नाही. तू राजीनाम्याचं सांगितलंस तिला?”

“धीर होत नाहीये.”

“आज सांग. तुझं झालं की मी माझं सांगतो.”