पेनर सरांच्या आवाजाने उघडणारी दारं

समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय कुलगुरू डॉ. लोरेन फेअर, आज ज्यांना आपण जड अंतःकरणाने निरोप देत आहोत ते उपकुलगुरू डॉ. व्हर्नन पेनर सर, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, प्राध्यापकवर्ग, आणि मागे कॉफीच्या टेबलाला खेटून उभे असलेले माझे मित्रहो,

मी ओक्साना ह्रित्साक, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. अपंग विद्यार्थ्यांच्या वतीने चार गोड शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. सेरेब्रल पाल्सीमुळे मी चाकाच्या खुर्चीत असते आणि बोलते सावकाश, जरा वेडंवाकडं. तेव्हा चार शब्दांनाही वेळ लागेल. कॉफी पिऊन घ्या.

सरांचं कार्य किती म्हणून सांगावं? दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे काय होतं? दाराशेजारी एक चौकोनी निळं बटण. कोपराने ढकललं की दार उघडायचं. इतके आपण मागासलेले होतो. सरांनी ती सगळी बटणं काढून टाकली आणि दारांना कान दिले. उद्घाटनाला सर ग्रंथालयासमोर उभे राहून म्हणाले, "दार उघड." दार उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, म्हणजे ज्यांना वाजवता येतात त्यांनी.

मग आमच्या आवाजांची नोंदणी सुरू झाली. माझी एकतीस वेळा केली. दार फार अदबशीर हो. "क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया शांत जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा." जानेवारीत, उणे अठ्ठावीस तापमानात, ग्रंथालयाबाहेर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. विनिपेगमध्ये याहून शांत जागा मी कुठून आणणार?

देखभाल विभागाचे गॅस्टन बोलियू आले तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती.

"पोरी, किती वेळ बसलीयस इथे?"

"पंचवीस मिनिटं."

"आणि हे काय म्हणतंय?"

"शांत जागी जा म्हणतंय."

गॅस्टननी दाराला उद्देशून फ्रेंचमध्ये जे सांगितलं तेही दाराला कळलं नाही, हे दाराचं नशीब. मग त्यांनी किल्ली काढली.

"पण हे ऐकतं तरी कुणाचं?" मी विचारलं.

"साहेबांचं. त्या दिवशी कसं लगेच ऐकलं."

उद्घाटनाची चित्रफीत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर होतीच. मी फोन दाराशी धरला. सर म्हणाले, "दार उघड." उघडलं की!

तेव्हापासून, सर, आम्ही अकरा जण तुमच्याच आवाजाने वर्गात जातो. रोज चाळीसेक दारं तुम्ही आमच्यासाठी उघडता. प्रसाधनगृहाचीसुद्धा. एवढी सेवा कुठल्या अधिकाऱ्याने केली आहे, सांगा? आम्ही हे कळवलं नाही असं नाही. त्याची दखल घेतली गेली. वार्षिक अहवालात छापून आलं, "अपंग विद्यार्थ्यांकडून यंत्रणेचा नियमित वापर." त्यावर सरांना पुरस्कार मिळाला आणि पुरस्कारावर मोठ्या विद्यापीठातली नोकरी. आम्हाला अभिमान आहे.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. नोकरी सोडणाऱ्याचा आवाज यंत्रणेतून पुसतात, संकेतस्थळावरची चित्रफीतही काढून टाकणार आहेत. शुक्रवारी, पाच वाजता. सोमवारी दहाला ग्रंथालयाच्या इमारतीत माझी पदवीची तोंडी परीक्षा आहे. सहा वर्षं घातली मी त्यासाठी. आणि त्या दाराबाहेर पुन्हा बसायची मला भीती वाटते. हे मी थट्टेने म्हणत नाही.

बटणं परत बसवा, असा अर्ज आम्ही चार वेळा दिला. त्यावर सही चालते ती उपकुलगुरूंचीच, आणि सर शुक्रवारपर्यंत उपकुलगुरू आहेत. पाचवी प्रत माझ्या मांडीवर आहे. पेनही आणलंय. गॅस्टन पेचकस घेऊन दाराशी उभे आहेत. कागद मीच वर आणून दिला असता, पण व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत, म्हणून तर माईक मला इथे खाली दिलाय. तेव्हा सर, यावं लागेल ते आपल्यालाच.

मला बोलावलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. एखादा शब्द समजला नसेल तर सांगा, मी पुन्हा सुरुवातीपासून बोलेन. सर खाली उतरेपर्यंत मला दुसरं काही काम नाही.